नव्वदमावशीची पिशवी

परवान्याच्या अटी वाचल्या जात असताना उभी राहणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली. राष्ट्रगीताला लोक उभे राहतात, चर्चमध्ये मिसेत शुभवर्तमानाला उभे राहतात. पण "अट क्रमांक चार, बक्षिसे रोख स्वरूपात देता येणार नाहीत" याला कोण उभं राहतं? नव्वदमावशी राहायची. लुगड्याचा पदर सारखा करायची, चपला बाजूला काढायची आणि खुर्चीची पाठ धरून शेवटच्या अटीपर्यंत उभी. अटी वाचणारी मी. म्हणजे त्या दुपारपुरतं सरकार मीच! माझ्या नवऱ्यानंसुद्धा माझं बोलणं कधी इतक्या मानानं ऐकलेलं नाही.

मी अंधेरीच्या एका सरकारी कार्यालयात परवाना शाखेत कारकून होते. ऑर्केस्ट्रा, जत्रेतले पाळणे, जादूचे प्रयोग आणि धर्मादाय कामासाठीची हाउझी, असे सगळे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. हाउझी म्हणजे तंबोला, कायद्याच्या नजरेत जुगारच की! तिकीट घ्यायचं आणि नशिबाकडे बघत बसायचं. पण मिळकत गरजूंच्या कामाला जाणार असेल तर पंधरा अटी घालून परवानगी मिळायची, आणि खेळाच्या दिवशी आमच्यातलं कोणीतरी निरीक्षक म्हणून तिथं हजर राहायचं. मढचं हे गावठण दरवर्षी माझ्या वाट्याला यायचं, कारण बाकी कोणी जायला तयार नसे. वर्सोव्याच्या धक्क्यावरून होडीनं पलीकडे जायचं, मग वाळत घातलेल्या बोंबलांमधून चालत जायचं, कपड्यांना वास लागायचा. माझ्या सहकाऱ्यांना ते नको व्हायचं. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, मला कसला वास येतोय! मी त्या दिवसाची वर्षभर वाट बघायचे.

मावशी त्या गावठणातली ख्रिस्ती बाई. हाउझीचे नव्वद नंबर तिच्या ताब्यात, म्हणून ती नव्वदमावशी. तिचं खरं नाव अर्जावर असायचं, पण त्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. हल्ली सगळीकडे प्लास्टिकचे नंबर असतात. हिच्याकडे होडीच्या उरलेल्या लाकडाच्या चकत्या, एकेका चकतीवर तापल्या सळईनं डागलेला आकडा, आणि ठेवायला शिडाच्या जाड कापडाची पिशवी. नवऱ्यानं, पास्कूनं केलेलं काम. पास्कू मासेमारी करायचा आणि हाउझीत नंबर पुकारायचा. मी तिथं जायला लागले तेव्हा तो जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि पुकारायचं काम त्याच्या पोट सुटलेल्या पुतण्याकडे आलं होतं. पिशवी मात्र मावशीनं कोणाच्या हातात दिली नाही. खेळ चालू असताना ती तिच्याच मांडीवर. पुतण्यानं वाकून हात घालायचा, चकती काढायची आणि पुकारायची.

आणि काय शिस्त सांगू तिची! अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही म्हणजे नाही. मिशा फुटलेल्या घोड्यांना ती "सर्टिफिकेट दाखव" म्हणायची, आणि तो तिच्याच बहिणीचा नातू असायचा. बक्षिसं सगळी वस्तूंची. छताचा पंखा, मिक्सर, इडलीपात्र, भिंतीवरचं घड्याळ. सूर्य बुडायच्या आत खेळ बंद. मिळकत गावठणातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दुपारच्या डब्याला. पोरं दुबईला, कॅनडाला. मागं आठ-दहा म्हातारी माणसं, मोठमोठ्या घरांत एकेकटी. त्यांना डबा मावशी स्वतः नेऊन द्यायची आणि उंबऱ्यात बसून जेवेपर्यंत हलायची नाही. एकदा मी म्हटलं, "मावशी, तुमच्यासारखे अर्जदार असले तर आमची शाखाच बंद होईल. कशाला लागतायत एवढ्या अटी?" ती म्हणाली, "नाय बाय, असं नको बोलू. कोणतरी विचारणारा पायजे माणसाला. ज्याला कोण विचारत नाय त्याला कायपन चालतं."

तिथली दुपार मला अजून स्वप्नात येते. चर्चमागचं मैदान, माडांच्या सावल्या, लांब कुठंतरी होडीच्या इंजिनाची टकटक. तीनशेएक माणसं मांडीवर तिकिटं घेऊन बसलेली, आणि इतकी गप्प की पिशवीतल्या चकत्या एकमेकींवर आपटलेल्या ऐकू याव्यात. मग लाउडस्पीकरवरून पुतण्याचा संथ आवाज. सात आणि दोन, बाहत्तर. नुसताच एक, एक. खाऱ्या वाऱ्यावर आकडे यायचे, जायचे. मला कळायचं नाही मी मढला आहे, की वेंगुर्ल्याच्या खळ्यात आईच्या मांडीवर. मध्येच कोणीतरी "हाऊस!" म्हणून ओरडायचं आणि मी दचकून डोळे उघडायचे. हो, मी झोपायचे. सरकारी निरीक्षक, अंगावर ओळखपत्र, आणि तोंड उघडं टाकून झोपलेली. आता सांगायला लाज कसली!

लाज आहे ती दुसऱ्या गोष्टीची. खेळ सुरू करण्याआधी निरीक्षकानं सगळे नंबर स्वतः मोजायचे आणि कागदावर सही करायची, अशी अट होती. "एकूण नव्वद नंबर समक्ष मोजून पिशवीत टाकले." पहिल्या वर्षी मी पोचले ती घामाघूम. मावशीनं मला खुर्ची दिली, शहाळं दिलं, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मोज, बाय." मी म्हटलं, "तुम्ही मोजलेत ना मावशी? झालं मग." आणि सही ठोकली. अहो, जी बाई अटींना उभी राहते तिचे नंबर मोजायचे? मला तो तिचा अपमान वाटला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. "मोज गं बाय, लिवलंय ना तसं." "लिहिलंय ते लिहिलंय हो." तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी तिनं पिशवी पुढं केली, मी शहाळं घेतलं. पाच वर्षं मी एकदाही त्या पिशवीत हात घातला नाही.

सहाव्या वर्षी आमच्या ऑफिसात एक तक्रार आली. गावठणात एक निवृत्त मास्तर होते, गणिताचे. हे गृहस्थ दरवर्षी पुकारलेला प्रत्येक आकडा वहीत टिपून ठेवायचे, उगाच, सवय म्हणून. वह्या पडताळताना त्यांच्या लक्षात आलं, की गेल्या कित्येक वर्षांत, इतक्या डावांत, चौतीस हा आकडा एकदाही आलेला नाही. आता हाउझीच्या तिकिटावर पंधरा आकडे असतात. पंधराच्या पंधरा पुकारले गेले तरच फुल हाऊस, मोठं बक्षीस. चौतीस पिशवीतच नसेल, तर ज्याच्या तिकिटावर चौतीस आहे त्यानं संध्याकाळपर्यंत बसून राहिलं तरी त्याला पंखा मिळणार नाही. मास्तरांनी स्वच्छ अक्षरात दोन पानं लिहून पाठवली होती. कोणावर संशय नाही, चौकशी व्हावी, एवढंच.

आमचे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, यंदा मीही येतो तुमच्याबरोबर." पाच वर्षांच्या पाच सह्या माझ्या. न मोजता मोजले असं लिहून दिलेलं, म्हणजे खोटा सरकारी कागद. निलंबन, चौकशी, आणि निवृत्तीला उरलेली चार वर्षं. नवऱ्याची कंपनी केव्हाच बंद पडलेली, घर माझ्या पगारावर. होडीत साहेब समुद्र बघत होते, मी आपला धावा करत होते. वेतोबा, सातेरी, मढची मावली, कोणाला सोडलं नाही. देवा महाराजा, चौतीस असू दे पिशवीत.

साहेबांनी पिशवी मांडीवर घेतली नाही. टेबल मागवलं, त्यावर चादर अंथरली आणि नंबर ओतले. मग एकेक चकती लावत गेले, दहा-दहाची ओळ, सगळ्या गावासमोर. एक ते दहा. अकरा ते वीस. एकवीस ते तीस. चौथ्या ओळीत त्यांचा हात थांबला. तेहतीस होता, पस्तीस होता, मध्ये चादरीची निळी फुलं दिसत होती.

मावशी नेहमीसारखी खुर्ची धरून उभीच होती. तिनं पोलक्यातून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि चौतीसची चकती त्या रिकाम्या जागी ठेवली. बाकीच्या चकत्या हाताळून काळ्या पडल्या होत्या. ही तेवढी गोरी राहिली होती.

"केव्हापासून?" साहेबांनी विचारलं.

"नवरा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षापासून."

"का?"

तिनं सांगितलं, आणि सांगताना ती साहेबांकडे नाही, मैदानाकडे बघत होती. तिच्या घराचा नंबर चौतीस. पास्कू पुकारायला असायचा तेव्हा हा आकडा आला की तो भोंग्यातून ओरडायचा, "घर नंबर चौतीस, भाकरी भाजली का गं?" आणि ही मागच्या रांगेतून ओरडायची, "भाजली, ये जेवाला!" अख्खं मैदान हसायचं. तीस वर्षं हा खेळ. तो गेला. पुढच्या हाउझीत चौतीस आला आणि पुतण्या सवयीनं ओरडून बसला, "घर नंबर चौतीस, भाकरी भाजली का गं?" सगळं गाव हसत मागं वळलं, तिच्या उत्तराची वाट बघायला. "मी काय बोलू, साहेब? कोनाला बोलवू जेवाला?" ती म्हणाली. "मग मी तो काढलाच. मना वाटलं, एकच तर हाय. नव्वदातला एक गेला तर कोनाचा काय जातंय."

मास्तर पहिल्या रांगेत होते. त्यांनी वही मिटून खाली ठेवली.

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. पण नोकरी ती नोकरी. त्यांनी माझ्या सह्यांचे कागद पुढं ओढले आणि विचारलं, "आणि या मॅडम दरवर्षी नंबर मोजत होत्या ना? तसं लिहिलंय इथं. मग यांना एकोणनव्वद कसे दिसले नाहीत?"

मावशीनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. माझा चेहरा तेव्हा कसा झाला होता देव जाणे.

"मोजायच्या की," ती म्हणाली. "नव्वद भरायचे. त्यांचा मोजून झाला की पिशवी माज्याकडे यायची. तेव्हा काढायची मी. यांना काय माहीत?"

साहेब माझ्याकडे वळले. "बरोबर, मॅडम?"

मी मान हलवली. बोलले नाही, फक्त मान हलवली. पण मान हलवणं म्हणजे बोलणंच. जन्मात खोटं न बोललेल्या बाईनं तीनशे माणसांसमोर माझ्यासाठी थाप मारली आणि मी तिच्यावर शिक्का मारला. नवऱ्याच्या दुःखानं नंबर काढणारी बाई निराळी, आणि निरीक्षकाची पाठ वळताच हात मारणारी बाई निराळी. मी बघत असताना ती पहिलीची दुसरी झाली, आणि कागदावर दुसरीच राहिली.

लोक जमलेत, म्हाताऱ्यांच्या डब्याचा प्रश्न आहे, म्हणून साहेबांनी त्या दिवशीचा खेळ नव्वद नंबरांनी होऊ दिला. पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. मावशी माझ्याशेजारी येऊन बसली, रिकाम्या मांडीवर दोन्ही हात ठेवून. मी त्या दिवशी झोपले नाही. तिसऱ्या डावात पुतण्यानं चकती काढली, बघितली आणि थबकला. मग हळूच म्हणाला, "तीन आणि चार, चौतीस." कोणी वळून बघितलं नाही. सगळ्यांनी माना खाली घालून आपापल्या तिकिटांत डोळे घातले. मावशी माझ्याशेजारी अगदी हळू, मलाच जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "भाजली. ये जेवाला." तो डाव एका कोळणीनं जिंकला, आणि पंखा घेताना ती रडत होती.

निकाल आला तो असा. मावशीच्या नावानं यापुढं कधीही परवाना द्यायचा नाही. खेळाच्या ठिकाणी तिनं साहित्याला हात लावायचा नाही. पिशवी नंबरांसकट जप्त. पुढच्या वर्षापासून गावठणाच्या समितीच्या नावानं परवानगी मिळाली आणि आकडे मोबाइलवरून यायला लागले. पास्कूची पिशवी लाखेचा शिक्का लागून आमच्या ऑफिसात आली, आणि कुठं ठेवावी साहेबांनी? माझ्या खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात. चार वर्षं मी तिच्याकडे पाठ करून बसले.

महिन्याभरानं मी रजा टाकून मढला गेले. मावशी ओट्यावर भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "मावशी, मी उद्या साहेबांना खरं सांगते. लिहून देते. तुमची पिशवी परत मिळेल की नाही ठाऊक नाही, पण निदान नाव तरी..."

"गप बस," ती म्हणाली. इतकं तोडून ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. "तुजी नोकरी गेली तर तुजा घर कोन चालवील? मी? तुज्याआधीच्यांनीबी कधी मोजलं नाय. मोज मोज म्हनत होती मी तुला. एकदा जरी मोजलं असतंस ना, तर सुटले असते गं मी. माज्यानं स्वतःहून सांगवत नव्हतं." मग माझ्याकडे बघून हसली. "पन तू खुर्चीत झोपलीस की मना बरं वाटायचं. म्हनायची, बघा, सरकार माज्या अंगनात कसं निवांत झोपलंय."

तिनं मला गरम भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मी जेवले, आणि साहेबांना काही सांगितलं नाही. ती गप्प बस म्हणाली म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मला गप्पच बसायचं होतं. त्यानंतर मात्र माझ्या हातून मोजल्याशिवाय एक सही झाली नाही. जत्रेतल्या पाळण्याचे बोल्टसुद्धा मी एकेक मोजायचे आणि कंत्राटदार कपाळाला हात लावायचे. माणसाला कोणतरी विचारणारा पायजे, हे तिचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं, फार उशिरा पटलं होतं.

मागल्या वर्षी मी निवृत्त झाले. पेन्शन सुरू झाली. यंदा मावशी गेली, झोपेतच, कोणाला त्रास न देता. मला कळलं तेव्हा दफन होऊन गेलं होतं, म्हणून मी महिना भरल्यावरच्या मिसेला गेले. मिसा झाल्यावर सगळे तिच्या अंगणात जमले. कोणी चहा देत होतं, कोणी तिच्या डब्यांच्या आठवणी काढत होतं. मास्तर भिंतीला टेकून बसले होते, एकदम थकलेले. म्हणाले, "मला वाटलं होतं कोणीतरी चोर सापडेल. वहीत आकड्यामागं माणूस दिसत नाही हो." आणि मग कोणीतरी, गावात नवीन आलेल्या एका सुनेनं, सहज विचारलं, "पण मावशीनं खरंच सरकारी बाईच्या नजरेआड नंबर काढला होता?"

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

"नाही," मी म्हटलं. "ती सरकारी बाई मी. मी कधी मोजलेच नव्हते. पाच वर्षं नुसती सही केली. मावशी मला वाचवायला खोटं बोलली, आणि मी मान हलवली."

बोलून झाल्यावर वाटलं, आता कोणीतरी तोंडावर थुंकेल. थुंकायलाच हवं होतं. पण अंगण जसं होतं तसंच राहिलं. कोणाचा कप हलला नाही, कोणी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. ती नवी सून तेवढी चमकली.

मास्तर म्हणाले, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"अहो, आम्ही तिथंच बसलेलो असायचो ना? तुमच्यासमोर. पाच वर्षं. पिशवी तुम्ही उघडत नव्हता हे तीनशे माणसं बघत होती."

"मग साहेबांनी विचारलं तेव्हा कोणी बोललं का नाही?"

उत्तर पुतण्यानं दिलं. त्याचेही केस आता पांढरे झाले होते. "मावशी बोलली होती ना तुमच्यासाठी," तो म्हणाला. "तिचा शब्द आम्ही खाली पडू देनार होतो काय?"

मी तिच्या ओट्याच्या पायरीवर बसले आणि एवढ्या माणसांसमोर मोठ्यानं रडले. कोणी मला गप्प केलं नाही.